अंडं, काडी आणि पट्टी

फ्लू आहे की नाही हे १९८० च्या दशकात आम्ही कोंबडीच्या अंड्यात पाहायचो. पुण्यातल्या विषाणूंच्या एका प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ होते. दहा-अकरा दिवस उबवलेली फलित अंडी अंधाऱ्या खोलीत दिव्यासमोर धरायची, गर्भ जिवंत आहे याची खात्री करायची, कवचाला बारीक छिद्र पाडून रुग्णाच्या घशातला नमुना सुईने आत सोडायचा आणि छिद्र बुजवायचं. मग दोन-तीन दिवस उबवणीत. विषाणू कोणत्या जातीचा हे कळेपर्यंत रुग्ण कामावर रुजू झालेला असायचा, नाहीतर दगावलेला.

तरी आमच्या हातात काहीतरी होतं. १९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरातून साथ शहरात शिरली तेव्हा कारण काय हेच डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. एका जिवाणूला दोष दिला जात होता. १९३३ साली लंडनला स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी रुग्णांच्या घशाच्या गुळण्यांचं पाणी गाळून फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्यांच्या नाकात घातलं. प्राणी तापले, शिंकू लागले, आणि माणसाच्या फ्लूचा विषाणू पहिल्यांदा हाती लागला. १९४१ साली अमेरिकेत जॉर्ज हर्स्ट यांना दिसलं की हा विषाणू कोंबडीच्या तांबड्या पेशींना एकमेकींशी बांधतो. आमचं सगळं काम त्या एका निरीक्षणावर उभं होतं. विषाणू नसेल तर पेशी घरंगळत प्लेटमधल्या खळग्याच्या तळाशी लाल बटणासारख्या जमतात. असेल तर जाळी होऊन पसरतात. पांढऱ्या कागदावर प्लेट ठेवून ती जाळी वाचण्यात मला कायम आनंद वाटला.

झटपट चाचणीची पट्टी वेगळ्याच वाटेने आली. १९७५ मध्ये केंब्रिजला कोहलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच साच्याची प्रतिपिंडं हवी तितकी बनवण्याची रीत शोधली. १९८८ च्या सुमारास ब्रिटनमध्ये ती घरगुती गर्भचाचणीच्या पट्टीत आली आणि नंतरच्या दशकात फ्लूसाठीही वापरात आली. नमुन्याचे थेंब पडले की द्रव पट्टीवरून सरकत जातो. वाटेत सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांना जोडलेली प्रतिपिंडं विषाणूच्या प्रथिनाला धरतात, आणि पुढच्या रेषेवर तो गुंता अडकून लाल होतो. पंधरा मिनिटांत उत्तर.

पण कोणत्या प्रश्नाचं? फ्लूची पट्टी विषाणूच्या आतलं प्रथिन शोधते, कारण ते फारसं बदलत नाही. म्हणून ती फ्लू 'ए' की 'बी' एवढं सांगते. 'ए'मधला कोणता, हे नाही. २००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू झाला, शाळा बंद झाल्या, नायडू रुग्णालयासमोर रांगा लागल्या. नेमका हाच फरक तेव्हा हवा होता. शिवाय पट्टी कित्येक खऱ्या रुग्णांनाही निगेटिव्ह दाखवत होती. खात्रीचं उत्तर आरटी-पीसीआरचंच होतं, आणि सुरुवातीला ते मोजक्या प्रयोगशाळांतच होत असे. अमेरिकेने २०१७ साली नियम कडक केले आणि पीसीआरने पकडलेल्या रुग्णांपैकी निदान ८० टक्के तरी पट्टीने ओळखले पाहिजेत असं ठरवलं. हे फार आधी व्हायला हवं होतं.

चूक दर वेळी पट्टीचीच असते असं नाही. नमुना घ्यायची काडी नाकात वरच्या दिशेला नाही, टाळूला समांतर, सरळ मागे जायला हवी. तिथे क्षणभर थांबायला हवी, फिरायला हवी. रुग्णाच्या डोळ्यांत पाणी येतं म्हणून घाईने नाकपुडीतूनच परत आणलेल्या काडीवर विषाणू कुठून येणार? आजाराच्या पहिल्या तीन-चार दिवसांत विषाणू भरपूर असतो, मुलांत मोठ्यांपेक्षा जास्त. नंतर पट्टीची दृष्टी मंदावते. २०२१ च्या मे महिन्यात पुण्याच्याच मायलॅब कंपनीच्या घरगुती कोविड चाचणीला परवानगी मिळाली आणि काडी थेट लोकांच्या हातात गेली. मला ते मनापासून आवडलं. पण निगेटिव्ह रेघ पाहून तापलेल्या अंगाने म्हाताऱ्या आईला भेटायला निघालेली माणसं दिसली की जीव कळवळतो. पॉझिटिव्ह आलं तर विश्वास ठेवावा. साथ जोरात असताना लक्षणं आहेत आणि पट्टी नाही म्हणते, तर पीसीआर करावी. फ्लूचं औषध पहिल्या ४८ तासांत सर्वांत गुणकारी, म्हणून जोखमीच्या रुग्णाला डॉक्टर निकालाची वाट न पाहताही ते देतात.

पुण्यात फ्लूचा मोठा हंगाम पावसाळ्याचा. त्या दिवसांत काही रुग्णांची दुसरी काडी गुलाबी द्रवाच्या नळीत, बर्फाच्या डब्यातून प्रयोगशाळेत जाते. तिथे विषाणू पेशींत वाढवतात, त्याची जात आणि झालेले बदल नोंदवतात. जगभरच्या अशा नोंदींवरून जागतिक आरोग्य संघटना फेब्रुवारीत उत्तर गोलार्धाची आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धाची लस ठरवते. पट्टीवर वाळलेल्या थेंबातून ही माहिती मिळत नाही, म्हणून माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलींना मी अजूनही विचारते, दुसरी काडी घेतलीस ना गं?