प्रकाश हवा, ताप नको

प्रकाश आणि उष्णता ही सृष्टीत बहुधा जोडीनेच आढळतात. सूर्य तेज देतो आणि त्याच हाताने तापही देतो. समई, मशाल, कंदील ह्यांचीही तीच कथा. मनुष्याने मात्र पहिलीचा स्वीकार करून दुसरीला दाराबाहेर ठेवण्याचा यत्न फार प्राचीन काळापासून चालविला आहे. आज काचेच्या कुंडात समुद्राचे पाणी भरून त्यात जिवंत प्रवाळ वाढविणारे हौशी लोक पुण्यामुंबईकडे आढळतात. त्यांच्यापुढील मुख्य अडचण हीच की, प्रवाळास प्रखर दीप पाहिजेत आणि प्रखर दिपांनी पाणी तापते. हा प्रश्न वरवर पाहता श्रीमंती छंदापैकी वाटेल. परंतु त्याची मुळे आमच्या मावळातील डोंगरांपर्यंत पोहोचतात आणि त्याचे टोक सर्व मानवजातीच्या चिंतेस जाऊन भिडते, असे आम्हांस वाटते. म्हणून त्याच्या इतिहासाचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

वेल्हे भागातील तोरणा व राजगड हे किल्ले मराठी वाचकांस सांगावयास नकोत. राजगड तर सुमारे पाव शतक शिवछत्रपतींची राजधानी होता. एवढ्या उंचीवर शिबंदी ठेवावयाची म्हणजे अन्नाआधी पाण्याची सोय पाहिजे. ती सोय कातळात टाकी खोदून केलेली आहे. राजगडावर पद्मावतीचा तलाव आहे, तसेच खडकाच्या पोटात शिरलेली टाकीही आहेत. सह्याद्रीतील अनेक गडांवर अशी टाकी आढळतात की, ज्यांच्यावर मूळ कातळाचेच छत ठेवलेले असून आत दगडी खांब सोडलेले आहेत. त्यांस खांबटाकी म्हणतात. वैशाखाच्या उन्हात गड चढून आलेल्या मनुष्यास तेथील पाणी ओंजळीत घेताच हात शहारल्याचा अनुभव येतो. त्याचे कारण साधे आहे. छतामुळे ऊन आत येत नाही, आणि भोवतालचा जाड खडक दिवसाची उष्णता सावकाश शोषतो व रात्री सावकाश सोडतो. आमच्या पूर्वजांनी पाणी थंड ठेवण्यासाठी प्रकाशाचाच त्याग केला. त्यात दुसरा लाभ असा की, अंधारात शेवाळ माजत नाही.

दुसरा उपाय घरोघरीचा, म्हणजे माठाचा. माठाच्या अंगातून पाझरलेले पाणी वाफ होऊन जाते आणि जाताना आतील पाण्याची उष्णता बरोबर नेते. ही उष्णता थोडीथोडकी नसते. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेत पाच लिटरांहून अधिक पाणी साध्या तापमानापासून उकळीस आणता येईल. येथे प्रकाशाऐवजी पाण्याचाच काही अंश खर्ची घालावा लागतो. मात्र हा उपाय हवेच्या मर्जीवर अवलंबून आहे. चैत्रात भोरच्या कोरड्या वाऱ्यात माठ गारेगार राहतो. तोच माठ आषाढात वेल्ह्याच्या डोंगरात नेऊन ठेवावा, तेथे धुके दारात उभे असते व धुतलेले वस्त्र दिवसेंदिवस वाळत नाही. तेथे माठ आपला गुण विसरतो, कारण आर्द्र हवेत वाफेस जागाच उरत नाही. ही गोष्ट पुढे उपयोगी पडावयाची आहे, म्हणून वाचकांनी ती ध्यानात ठेवावी.

आता थोडे विलायतेकडे वळू. 1846 साली अॅना थिन नावाच्या बाईंनी टॉर्की येथील समुद्रकाठचे काही प्रवाळ लंडनमध्ये आपल्या घरी आणून जिवंत ठेवले. पाणी ताजे राहावे म्हणून त्यांची दासी उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पुनःपुन्हा ओतीत असे. ह्या छंदाच्या इतिहासात त्या दासीचे नाव येत नाही, परंतु आजचे विजेचे पंप जे काम करतात, ते प्रथम तिच्या मनगटांनी केले आहे. 1853 साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. त्यामागे फिलिप हेन्री गॉस ह्या निसर्गवेत्त्याचे मोठे साह्य होते. पुढे 1871 मध्ये क्रिस्टल पॅलेस येथे विल्यम अल्फर्ड लॉइड ह्याने जे मत्स्यालय चालविले, ते आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे. त्याने दर्शनी कुंडांच्या कित्येक पट मोठे हौद खाली अंधारात बांधले आणि वरचे पाणी त्यांतून अखंड फिरते ठेवले. वर उजेडात पाणी थोडे व खाली काळोखात पुष्कळ, अशी ही योजना. राजगडाच्या टाक्यांची वार्ता लॉइडच्या कानी गेली असण्याचा संभव नाही, पण तत्त्व तेच आहे. गडकऱ्याने सर्वच पाणी अंधारात ठेवले. लॉइडने पाण्याचा थोडा भाग प्रेक्षकांसाठी उजेडात आणला आणि बाकीच्या अंधाराच्या जोरावर तो निभावून नेला.

भोरजवळ वेळवंडी नदीवर 1928 साली पुरे झालेल्या भाटघरच्या धरणासही लॉइडचेच नाव दिले गेले होते. तो लॉइड मात्र मुंबई इलाख्याचा गव्हर्नर, मत्स्यालयवाला नव्हे. तरी योगायोग असा की, अशा खोल जलाशयातही उन्हाळ्यात वरचा थर ऊन पाण्याचा व खालचा थंड पाण्याचा असतो. म्हणजे पाणी खोल असले की ते स्वतःच आपला तळघरातला हौद होते.

त्याच 1928 साली ऑस्ट्रेलियाच्या मोठ्या प्रवाळभिंतीवर सी. एम. यंग ह्यांच्या नेतृत्वाखाली इंग्रज शास्त्रज्ञांची एक तुकडी गेली. उष्ण समुद्रांतील भिंती बांधणाऱ्या प्रवाळांच्या देहात सूक्ष्म शैवाले राहतात. ती सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात व त्यातील मोठा वाटा यजमानास देतात. पाणी अति तापले तर प्रवाळ ह्या शैवालांस बाहेर टाकतो, हे यंग व त्यांचे सहकारी ह्यांनी 1931 मध्ये नमूद केले. शैवाले गेली म्हणजे प्रवाळाचा रंग जातो, पांढरा सांगाडा आरपार दिसू लागतो, आणि ती स्थिती लांबली तर उपासमारीने त्याचा अंत होतो. येथे गडकऱ्यांची व लॉइडची युक्ती दोन्ही अपुऱ्या पडतात. प्रवाळास अंधारात ठेवावे तर तो उपाशी मरतो, आणि उजेडात ठेवावे तर तो तापून मरतो.

गेल्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील हौशी लोकांनी मेटल हॅलाइड जातीचे प्रखर दिवे कुंडावर टांगले, तेव्हा प्रवाळ घरात वाढू लागले खरे, पण ही अडचण तीव्र झाली. एक हिशेब पाहा. 250 वॉटचा एक दिवा दहा तास जळला, तर तो 9000 किलोज्यूल उष्णता देतो. ती सगळीच 200 लिटरांच्या कुंडात उतरली असे धरले, तर पाणी सुमारे 11 अंश चढेल. प्रत्यक्षात सगळी उतरत नाही, पण प्रवाळास दोनतीन अंशही भारी पडतात. ही सर्व उष्णता वाफेवाटे घालवावयाची तर पावणेचार लिटर पाणी उडाले पाहिजे. म्हणून लोक कुंडावर पंखा लावतात. हा माठाचाच न्याय होय. उडते ते केवळ गोडे पाणी, मीठ मागे राहते, हे मिठागर पाहिलेल्या कोकणस्थास सांगणे नको. यास्तव भर घालावयाची ती गोड्याच पाण्याची. पावसाळ्यात मात्र पंखा वेल्ह्याच्या माठासारखा हतबल होतो, आणि मग शीतयंत्राचा आश्रय करावा लागतो.

ह्या कोंडीतून खरी वाट निघाली ती जपानात. 1990 नंतरच्या काही वर्षांत तेथे तेजस्वी निळा एलईडी दिवा सिद्ध झाला व त्याबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा ह्यांस 2014 चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा दिवाही तापतो, परंतु त्याचा बहुतेक ताप पाठीमागच्या धातूच्या पंख्यांवाटे हवेत जातो, किरणांबरोबर पाण्यावर फेकला जात नाही. प्रकाश व ताप ह्यांची जोडी पुष्कळ अंशी फुटली ती येथे.

परंतु शीतयंत्र घ्या की एलईडी घ्या, एक नियम कोणासही चुकविता आला नाही. उष्णता नाहीशी होत नाही, ती केवळ दुसरीकडे जाते. कुंड थंड झाले की खोली तापते, खोली थंड केली की गल्ली तापते. शिवाय ती वीज बहुतांशी कोळसा जाळून आलेली असते. त्या धुराने तापलेले वातावरण शेवटी आपली उष्णता समुद्रास देते, आणि समुद्रापलीकडे उष्णता सारावयास जागा नाही. 1998 साली जगभरचे प्रवाळ पांढरे पडले. 2010 मध्ये आणि 2014 ते 2017 ह्या काळात पुन्हा तेच झाले, आणि 2024 मध्ये चौथे जागतिक विरंजन चालू असल्याचे शास्त्रज्ञांनी जाहीर केले. नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानाहून पाणी केवळ एक अंशाने काही आठवडे चढले तरी एवढा अनर्थ घडतो. आपल्या मालवणास सिंधुदुर्गाभोवतीचा समुद्र 1987 पासून अभयारण्य आहे. तेथील प्रवाळांवरही हे विरंजन नोंदले गेले आहे. ज्या राजाने राजगडावर पाण्याची तजवीज केली, त्याच राजाच्या जलदुर्गाच्या पायथ्याशी हे व्हावे, ही गोष्ट मराठी मनुष्याने उदासीनपणे ऐकावी अशी नव्हे.

घरातील कुंड राखणाऱ्याचा उपहास करणाऱ्यांपैकी आम्ही नाही. एका अंशाची किंमत काय असते, हे तो रोज तापमापकावर वाचतो, आणि दुर्लक्षाचे फळ आठवड्याच्या आत डोळ्यांनी पाहतो. हे ज्ञान मोठमोठ्या परिषदांतून दुर्मिळ आहे. सिंधुदुर्गाच्या समुद्रावर पंखा लावता येत नाही आणि त्याच्याखाली काळोखाचा हौदही खोदता येत नाही. तेव्हा ताप उत्पन्न झाल्यावर तो घालवावा कसा, ह्यापेक्षा तो मुळात कमी उत्पन्न व्हावा कसा, हाच प्रश्न आपल्यापुढे उरतो. गडावर टाके खोदणाऱ्यांनी पाण्याचा हिशेब पाऊस पडण्यापूर्वी केला होता. आपणांसही हा हिशेब वेळेवरच केला पाहिजे.