व्हायकिंगांची उसनी बोट

आपण कोकणात 'बोट लागली' म्हणतो ना, तो शब्द इंग्रजांकडून आला. पण व्हायकिंगांनीही तो इंग्रजांकडूनच घेतला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. दर्यावर्दी लोक, आणि होडीचा शब्द उसना!

पुरावा आहे एका स्वराचा. मूळ जर्मानिक भाषेतला 'आइ' जुन्या इंग्रजीत 'आ' झाला, जुन्या नॉर्समध्ये 'एइ'. म्हणून दगडाला इंग्रज 'स्तान' म्हणत, नॉर्स लोक 'स्तेइन्न'. इंग्रजांची होडी 'बात', मग नॉर्समध्ये 'बेइत' हवं. आणि गंमत म्हणजे हा 'बेइत' जुन्या नॉर्स कवितेत जहाजासाठी सापडतोही! पण बोलण्यात रुळला तो 'बात्र'. त्याचंच आज स्वीडिश-नॉर्वेजियनमध्ये 'बोत' झालं. मोठ्या जहाजाचा 'स्किप' मात्र त्यांचा घरचा.

793 साली त्यांनी लिंडिसफार्नचा मठ लुटला, पुढच्या शतकात इंग्लंडमध्ये शेतंही कसू लागले. शेजार झाला की शब्द इकडचे तिकडे होणारच. इंग्रजीनेही त्यांचे 'स्काय', 'एग', 'विंडो' घेतलेच की.

मूळ धातू बहुधा 'फोडणे' या अर्थाचा, म्हणजे संस्कृत 'भिद्'चा भाऊबंद. खोड फोडून, कोरून केलेली होडी ती!