स्टॅलिननंतरचा उजेड : वॉर्साच्या निऑन पाट्या #थ्रेड

वॉर्साच्या संविधान चौकात एका इमारतीच्या माथ्यावर निऑनच्या नळ्यांनी रेखाटलेली व्हॉलीबॉलपटू उभी आहे. यान मुखार्स्की यांनी १९६१ साली तिचा आराखडा केला. तिने उडवलेला चेंडू टप्प्याटप्प्याने खाली येताना दिसतो. प्रत्यक्षात काहीच हलत नाही. ओळीने बसवलेली वर्तुळे एकामागून एक उजळतात. ही जाहिरात होती क्रीडासाहित्याच्या दुकानाची.

पण जिथे दुकान सरकारचे, मालही सरकारचा आणि स्पर्धक जवळजवळ नाहीच, तिथे जाहिरात हवी कशाला?

१९५३ मध्ये स्टॅलिन मरण पावला आणि पुढील काही वर्षांत पोलंडवरील दडपण सैलावले. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या शहरांना आधुनिक, प्रसन्न रूप द्यावे, असे राज्यकर्त्यांना वाटू लागले. 'रेक्लामा' ही सरकारी कंपनी पाट्या घडवू लागली आणि आराखडे उत्तमोत्तम चित्रकारांकडून येऊ लागले. खप वाढवण्याचे ओझे नसल्यामुळेच बहुधा या अक्षरांना इतके डौलदार वळण लाभले.

काम मात्र कष्टाचे. काचेची नळी ज्योतीवर मऊ करून कारागीर ती हाताने वळवतो. आतली हवा उपसून वायू भरला जातो. निऑनचा उजेड तांबूस-नारिंगी. निळ्यासाठी आरगॉन आणि पारा लागतो. म्हणजे निळी 'निऑन' पाटी मुळात निऑनची नसतेच!

डिसेंबर १९८१ मध्ये लष्करी कायदा आला आणि पाट्या विझल्या. १९८९ नंतर खुली बाजारपेठ आली. जाहिरातीची खरी गरज निर्माण झाली, तेव्हाच या पाट्या भंगारात निघाल्या.

छायाचित्रकार इलोना कार्विन्स्का यांनी २००५ पासून त्यांची छायाचित्रे टिपायला सुरुवात केली. मग पाट्याच वाचवायला घेतल्या. डेव्हिड हिल यांच्यासह त्यांनी २०१२ साली प्रागा भागातील जुन्या कारखान्याच्या आवारात निऑन संग्रहालय उघडले. त्याआधी, २००६ मध्ये, चित्रकार पाउलिना ओवोव्स्का यांच्या पुढाकाराने ती व्हॉलीबॉलपटू पुन्हा उजळली होती.

ज्या राजवटीत लोक मांसासाठी रांगेत ताटकळले, तिची आरास जपावी का? हा आक्षेप पोकळ नाही. मात्र रांगेतल्या माणसांच्या आठवणीतही हाच उजेड आहे, आणि तो पुसून त्या रांगा काही पुसल्या जात नाहीत.

हे संग्रहालय अलीकडे नव्या जागेत गेले आहे : संस्कृती व विज्ञान प्रासादात. १९५५ साली पूर्ण झालेली ही इमारत म्हणजे सोव्हिएत संघाने पोलंडला दिलेली 'भेट'. तिला नाव होते स्टॅलिनचे.