‘मी डॉक्टर न्हाय’

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फौंड्रीत सॉफ्टवेअर बसवायला मी काही महिने जात होतो. (पंचतारांकित म्हटलं की पुण्यातल्या मित्रांना हॉटेल वाटतं. इथं या तारा रस्ते, वीज, पाणी यांच्या आहेत.) गेटजवळ अँब्युलन्स रूम होती. पाचशेहून जास्त कामगार असतील तर अशी खोली 1948 च्या कारखाने कायद्यानं सक्तीची केली. आत बसणाऱ्या पन्नाशीच्या मामांना सगळे ‘डॉक्टर’ म्हणायचे. एकदा वितळलेल्या धातूचा थेंब एका पोराच्या बुटात गेला. मामांनी बूट कापून काढला, पाय नळाखाली धरला, एकीकडे डॉक्टरांना फोन लावला आणि पोराला गाडीत घातलं.

नंतर मी विचारलं, “मामा, शिक्षण कुठं झालं?” ते हसले. “मी डॉक्टर न्हाय. पुढचं विचारू नका.”

मग हे नक्की कोण? अमेरिकेत या मधल्या माणसाला नाव आहे: फिजिशियन असिस्टंट. डॉक्टरांच्या देखरेखीखाली तपासणारा, औषध देणारा, पण डॉक्टर नसलेला. या पेशाची सुरुवात सहसा 1965 पासून सांगतात. नॉर्थ कॅरोलिनातल्या ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी चार जणांना घेऊन दोन वर्षांचा कोर्स सुरू केला. चौघंही नौदलात जखमींवर उपचार केलेले. सैन्यातून सुटल्यावर त्या कौशल्याला बाहेर किंमत नव्हती. 1967 मध्ये त्यातले तिघं पास झाले.

पण स्टेड यांची पहिली पसंती नर्सेस होत्या. थेल्मा इंगल्स यांच्यासोबत त्यांनी नर्सेससाठी वरचा अभ्यासक्रम आखला होता. परिचर्या शिक्षणाच्या राष्ट्रीय संस्थेनंच त्याला मान्यता नाकारली, तेव्हा ते माजी सैनिकांकडे वळले. त्यांच्या डोळ्यांसमोर एक जितंजागतं उदाहरणही होतं. गारलंड नावाच्या छोट्या गावात डॉ. एमॉस जॉन्सन यांच्याकडे हेन्री ‘बडी’ ट्रेडवेल हा कृष्णवर्णीय सहायक होता. डॉक्टर परगावी गेले की दवाखाना तो सांभाळायचा. आपल्याकडच्या कुठल्याही तालुक्यातला जुना कंपाउंडर आठवा, तसाच. फरक एवढाच, की तिथं या कंपाउंडरकडे बघून कुणीतरी अभ्यासक्रम बनवला.

मला खटकलं ते यापुढचं. हा माणूस आपल्याकडे शंभर वर्षं आधीपासून होता, रीतसर शिकलेला, सरकारी नोकरीतला.

1860 च्या दशकात मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात हॉस्पिटल असिस्टंटसाठी देशी भाषांतले वर्ग निघाले. त्यात मराठी होती. 1870 च्या दशकात पुण्यात बी. जे. मेडिकल स्कूल आलं. शरीरशास्त्र मराठीतून शिकलेली ही माणसं तालुक्याच्या दवाखान्यांत नेमली जायची. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात आनंदीबाई जोशींची नेमणूक झाली होती हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असतं. त्या काळातल्या एका तरी हॉस्पिटल असिस्टंटचं नाव सांगा बरं.

पुढे याच परंपरेतून लायसेन्शिएट आले. पदवी नाही, पण परवाना आहे असे वैद्य. भोर समितीनं 1946 मध्ये अहवाल दिला, तेव्हा देशात सुमारे 47,500 नोंदणीकृत डॉक्टर होते आणि त्यातले जवळपास 30,000 लायसेन्शिएट. म्हणजे आपण ज्यांना डॉक्टर म्हणत होतो, त्यांत दर पाचांत तीन ‘मधले’.

समितीनं ठरवलं की यापुढे डॉक्टर एकाच प्रकारचा असेल, पूर्ण शिकलेला. सहा सदस्यांनी विरोधी टिपण जोडलं: एवढी टंचाई असताना हा मार्ग बंद करू नका. त्यांचं ऐकलं गेलं नाही. बी. जे. स्कूलचं त्याच वर्षी कॉलेज झालं.

बहुमत मूर्ख होतं असं मी म्हणणार नाही. काम तेच, पगार आणि मान कमी, ही लायसेन्शिएटांची जुनी तक्रार होती आणि ती खरी होती. शिवाय स्वतंत्र होऊ घातलेल्या देशानं खेड्यातल्या माणसाला दुय्यम डॉक्टर का द्यावा? प्रश्न रास्तच. पण सॉफ्टवेअरमध्ये जुनी सर्व्हिस बंद करण्याआधी नवी चालू आहे का ते बघतात. इथं जुनी बंद झाली आणि नवा डॉक्टर खेड्यात गेलाच नाही.

ती पोकळी कुणाला तरी भरावी लागणारच होती. 1970 मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या जामखेडला आलं. सुरुवातीला त्यांनी प्रशिक्षित नर्स-दाया गावोगाव ठेवल्या. ते जमलं नाही, गावाचा त्यांच्यावर विश्वास बसेना. मग गावातल्याच बायका निवडल्या. बऱ्याच जणी निरक्षर, काही दलित. बाळंतपण, जुलाब, लसीकरण, कुष्ठरोगाची ओळख हे सगळं त्या शिकल्या. ड्यूकनं नौदल पाहिलेले पुरुष घेतले, जामखेडनं शाळाही न पाहिलेल्या बाया. 1975 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात जामखेडवर प्रकरण आलं, 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे मिळालं.

फिजिशियन असिस्टंट या नावाचा कोर्स भारतात आला 1992 मध्ये, चेन्नईत डॉ. के. एम. चेरियन यांच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये. तोही खेड्यासाठी नाही, हृदयशस्त्रक्रियेच्या टीमसाठी. 2021 च्या आरोग्य व्यावसायिक कायद्याच्या यादीत हा पेशा आला, तोपर्यंत भोर अहवालाला पंचाहत्तर वर्षं झाली होती.

शेवटच्या आठवड्यात हे सगळं मी मामांना चहा पिताना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. “म्हंजे शेचाळीसच्या आधी असतो, तर मी कोण झालो असतो?”

“हॉस्पिटल असिस्टंट.”

त्यांनी खिशातून ठेकेदाराचं ओळखपत्र काढून माझ्यासमोर धरलं. फोटोखाली लिहिलं होतं: हेल्पर.