मुखपृष्ठावरचं दुसरं नाव

'ऑरगॅनिक' भाजीची जुडी महागात घेताना ती कल्पना परदेशी वाटते. तिचं एक मूळ मात्र इंदूरला आहे. १९२४ साली अल्बर्ट आणि गॅब्रिएल हॉवर्ड या जोडप्याने तिथे शेती-संशोधन संस्था उभी केली. पालापाचोळा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर द्यायचे, ओल राखायची, ढीग वरखाली करायचा. साधारण तीन महिन्यांत खत तयार. गोठ्यातली माती वापरणं मला यातलं सगळ्यात हुशारीचं वाटतं, मूत्रातला नत्र वाया जात नाही.

ही रीत १९३१ च्या 'द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर' या पुस्तकात आली. लेखक दोन: हॉवर्ड आणि यशवंत वाड. गाजलं ते मात्र हॉवर्ड यांचं एकट्याचं, १९४० चं 'ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट'. हॉवर्ड यांच्या विचारांनी भारावून अमेरिकेत रोडेल यांनी १९४२ मध्ये सेंद्रिय शेतीचं मासिक काढलं. वाड मागेच राहिले. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात कोडची कोणती ओळ कोणाची, याची नोंद राहते. म्हणून मला हे जास्तच खुपतं. 'टेस्टामेंट' वाचाच. पण प्रत्यक्ष खड्डा खणायचा असेल, तर मी आधी दोन नावांचं पुस्तक उघडेन.