फरासखाना

पुण्याच्या बुधवार पेठेतील फरासखाना हे नाव आजही रोज कोणाच्या ना कोणाच्या तोंडी येते. परंतु ते ऐकताच डोळ्यांसमोर उभे राहते ते पोलीस ठाणे, आणि डेरे, राहुट्या, कनाती व बिछायती यांची निगा राखणारा, शिवकालीन अठरा कारखान्यांत तोफखाना व जामदारखाना यांच्या पंक्तीस बसणारा एक कारखाना याच नावाचा होता, याचे स्मरण क्वचितच कोणास होते. कापडाच्या सावलीसाठी सरकारने स्वतंत्र खाते पोसावे याचे आज नवल वाटेल. पण ज्या राज्याचा कारभार पावसाळा सरताच मुलुखगिरीवर निघे, त्याला छप्पर ही बांधण्याइतकीच वाहून नेण्याचीही वस्तू होती.

अशा खात्याचा तपशीलवार वृत्तांत मोगलांकडे सापडतो. ‘ऐने-अकबरी’त अबुल फजलने वर्णिलेल्या मोठ्या बारगाहीत, म्हणजे दरबारी डेऱ्यात, दहा हजारांहून अधिक माणसे मावत आणि ती उभारण्यास हजार फरास, म्हणजे डेरे ठोकणारे नोकर, यंत्रांच्या साहाय्याने आठवडाभर खपत, शामियाना मात्र बारा गज चौरसापलीकडे जात नसे, असेही तो नमूद करतो. वैभवाच्या वर्णनांपेक्षा मला हा लहान आकडाच अधिक बोलका वाटतो, कारण सपाट ताणलेले कापड जितके मोठे करावे तितके ते मध्ये झोळते, आणि हा नियम बादशहालाही चुकत नाही.

आपल्याकडील सर्वांत प्रसिद्ध शामियाना १६५९ साली शिवाजी व अफजलखान यांच्या भेटीसाठी प्रतापगडाच्या पायथ्याशी उभा राहिला. जरीचे बिछाने नि मोत्यांच्या झालरी पाहून, शहाजीच्या मुलाकडे असले पातशाही सामान कोठून आले, म्हणून अफजलखान चिडल्याचे बखरकार सभासद सांगतो; तेव्हा, पातशहाचा माल पातशहाच्याच घरी जाईल, अशी शिवाजीचा वकील पंताजी गोपीनाथ याने त्याची समजूत घातली. सावलीचे कापड येथे मुत्सद्देगिरीच्या कामी आले होते.

झालर पाहणाऱ्यासाठी, फरासाची नजर मात्र तणाव्यावर. मेख डेऱ्यापासून बाहेरच्या बाजूस कलती ठोकावी लागे, आणि पावसाची सर येताच दोर सैल करण्यासाठी धावावे लागे, कारण भिजलेला तागी दोर आखडतो व मेखेसकट जमीन सोडतो.

१८१८ साली पेशवाई बुडाली, त्याबरोबर तिच्या फरासखान्याचे प्रयोजनही संपले. खांब, दोर व कनाती यांची विद्या लग्नकार्ये आणि शाळांची स्नेहसंमेलने यांच्या आश्रयाने, मंडपवाल्यांच्या हाती उरली. शाळेच्या चौकात कायमची सावली हवी असेल तर मात्र ही विद्या तशीच्या तशी चालत नाही. धावणाऱ्या मुलांच्या पायांत मेखा व तणावे ठेवता येत नाहीत. शिवाय सपाट कापडाच्या झोळण्यावरही उपाय हवा. १९५५ मध्ये जर्मनीतील कासेल येथे फ्राय ओट्टो या स्थपतीने वाद्यवृंदासाठी उभारलेल्या छताचे समोरासमोरचे दोन कोपरे उंच व दोन सखल होते. अशा खोगिरासारख्या वळणामुळे कापड दोन्ही दिशांनी ताणलेले राहते, आणि वाऱ्यात फडफडत नाही. चौकावर असे छत घालताना ताण मेखांऐवजी भिंतींवर येतो. म्हणून कापडाचा रंग निवडण्यापूर्वी भिंत तपासावी हे बरे. शिवाय चार वाजताचे तिरपे ऊन कोणत्याही छताखाली बिनदिक्कत शिरते. त्यासाठी पश्चिमेस उभी कनातच हवी. पण नव्या नकाशांत ती अभावानेच आढळते.