अंधशाळेचा कारभार कोणाच्या हाती?

वणीकडून वर्धा नदी ओलांडली की वरोरा. तिथं आनंदवनात १९६६ साली अंध मुलांची शाळा सुरू झाली. आपल्याकडे आनंदवन म्हटलं की कुष्ठरोग आठवतो, अंधशाळा जरा मागंच राहते. ती चालवते बाबा आमटेंची महारोगी सेवा समिती. म्हणजे शाळा अंधांची, पण संस्था मुळात कुष्ठकार्यासाठी १९४९ मध्ये उभी राहिलेली. यात नवल काही नाही. मुंबईत १९०० साली ॲना मिलार्डबाईंनी अंधशाळा काढली, तिच्याही पाठीशी अमेरिकन मिशन होतं. आधी पालकसंस्था, मागून शाळा, असंच बहुतेक ठिकाणी घडलंय.

पण कारभार कोण बघणार, हा प्रश्न साधा नाही. पॅरिसच्या अंधशाळेचंच बघा. लुई ब्रेल तिथंच शिकला, तिथंच मास्तर झाला. १८४० मध्ये नवे संचालक आले, द्युफो नावाचे, डोळस. त्यांनी ब्रेल लिपीवर बंदीच घातली! डोळस मास्तरांना वाचता येईल अशीच अक्षरं हवीत, हा हट्ट. पोरं मात्र चोरून ब्रेलमध्येच लिहीत राहिली. चारेक वर्षांनी साहेबांना माघार घ्यावी लागली.

लंडनच्या डॉ. आर्मिटेज यांनी याच्या नेमकं उलट केलं. डॉक्टरकी करताना त्यांची नजर गेली होती. १८६८ मध्ये त्यांनी संस्था काढली अन् नियम केला: कोणती लिपी चांगली हे ठरवणारे सभासद अंधच असतील, त्यांना निदान तीन उठाव लिप्या वाचता याव्यात आणि कोणत्याही लिपीत त्यांचा पैशाचा स्वार्थ नसावा. त्यांनी ब्रेल निवडली.

आता आपल्याकडचं. संस्थेची घटना, आमसभा, त्यातून निवडलेलं कार्यकारी मंडळ. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात फेरफार अर्ज, ज्याला सगळे 'चेंज रिपोर्ट' म्हणतात. दोन गट भांडले की हाच अर्ज वर्षानुवर्षं लटकतो अन् मुलांच्या वसतिगृहाचे निर्णयही त्याच्यासोबत लटकतात. अनुदान सरकारचं, त्यामुळं तपासणीही सरकारची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अशा संस्थांना नोंदणी सक्तीची केली. राज्याच्या सल्लागार मंडळावर दिव्यांग सदस्य असावेत, असंही तोच कायदा सांगतो. शाळेच्या मंडळावर एक तरी अंध माणूस हवा, याबद्दल मात्र त्यात अवाक्षर नाही.

म्हणजे ते घटनेवर सोडलेलं आहे, आणि घटना सभासदांना बदलता येते. आपल्यापैकी कितीजण अशा संस्थांचे आजीव सभासद आहेत! वर्गणी भरतो, स्नेहसंमेलनाला जातो, आमसभेच्या नोटिशीकडं बघतही नाही. माझं म्हणणं एवढंच: पुढच्या आमसभेत विचारा, कार्यकारी मंडळात शाळेचा माजी विद्यार्थी कोण? आणि असेल, तर त्याला सभेची विषयपत्रिका नि हिशेब ब्रेलमध्ये मिळतो का, की शेजारचा वाचून दाखवेल तेवढंच त्याला कळतं?